न झोंबलेले कीर्तन

“आजी, ह्या लाकडी पट्ट्या कशाच्या? रागावू नका हं, आपलं विचारलं.”

हाल्मवीकच्या विमानतळावरचा तो सहा फुटी गोरा अधिकारी इंदूबुवांच्या चिपळ्या उलटसुलट करून बघत होता. त्याचे ओठ तिथलीच खडबडीत भाषा बोलत होते. पण इंदूबुवांच्या उजव्या कानात येत होते ते स्वच्छ मराठी, आणि तेही त्याच्याच घोगऱ्या आवाजात.

“देवाचं वाद्य आहे बाबा. वाजवून दाखवू?”

“बुवा, पुरे आता,” मागून त्यांचे पेटीवाले साथीदार दाजी खेडेकर करवादले. त्यांच्या हातात पेटीची अवजड खोळ होती आणि पायांत मोजे तेवढे उरले होते. बूट कधीच तपासणीला गेले होते. “सव्वीस दिवसांत ह्या देशाला नऊ कीर्तनं ऐकवलीत. आता एवढ्या एका माणसाला तरी सोडा.”

अधिकारी हसला. चिपळ्या दोन्ही हातांनी परत देत म्हणाला, “तुमचा प्रवास सुखाचा होवो, आजी.”

“बघा दाजी,” इंदूबुवा म्हणाल्या, “मोती नुसती भाषा नाही जोडत, नातंसुद्धा जोडतो.”

कागदोपत्री नाव ‘दुभाषी मोती’. लोक नुसते मोती म्हणत. हरभऱ्याएवढा पांढरा मणी. एका कानात बसवला तरी दोन्ही कानांकडे येणारा आवाज तो आधी गिळायचा आणि पापणी लवायच्या आत त्या जागी आपल्या भाषेतला आवाज ठेवायचा. तिकडे तर घोषणा, सूचना, गाड्यांच्या वेळा, सारे काही ज्याच्या त्याच्या मोत्यातच येत असे. भोंगे काढून टाकून चार वर्षे झाली होती. एवढ्या मोठ्या दालनात दुपारच्या गाभाऱ्यासारखी शांतता होती.

इंदूबुवांना मोती नवा नव्हता. उजवा कान मंद झाला तेव्हा, गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर, गुहागरला डॉक्टरांनी तो बसवून दिला होता. तिथे मराठीचेच मराठी, पण मोठे आणि स्पष्ट. आणि काय योग बघा, त्याच दिवाळीपासून गोदावहिनीचा स्वभाव पालटला. थोरल्या भावाची ही विधवा आणि इंदूबुवा एका घरात वीस वर्षे राहत होत्या, आणि वीस वर्षांत वहिनीच्या जिभेने इंदूबुवांची सालटी काढली नाहीत असा दिवस गेला नव्हता. तीच वहिनी आता विचारी, “आलात का? दमला असाल. चहा टाकू?” देवाची कृपा, दुसरे काय! निघायच्या दिवशीही दारात हात धरून, डोळ्यांत पाणी आणून ती कितीतरी वेळ काहीबाही गोड बोलत होती. इंदूबुवांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटले होते, “देव तुझं भलं करो.”

इंदुमती बिवलकर. बाई असून ‘बुवा’, कारण नारदाच्या गादीवर जो उभा राहील तो बुवा. तिथे बाई-पुरुष पाहत नाहीत. हा मान त्यांना वडिलांकडून आला, आणि मानाबरोबर एक अटही. गादीवर उभे असेपर्यंत कीर्तनकाराने कुणाची भीड धरायची नाही. समोर गावचा सावकार असो की मंत्री, त्याची कानउघाडणी करायची म्हणजे करायचीच. वडील तर कीर्तन संपल्यावर नमस्काराला आलेली माणसे मोजत नसत, न आलेली मोजत. म्हणत, “इंदे, एकजण तरी फणकाऱ्याने उठून जायला हवा. कुणालाच झोंबलं नाही ते कीर्तन झालंच नाही समज. पुन्हा कर.”

बाकावर बसल्या बसल्या इंदूबुवा हेच घोकत होत्या. परदेशाने त्यांना काय दिले नव्हते? बर्फाचे डोंगर दाखवले, सभागृहे भरभरून लोक दिले. आपल्या लोकांची तिथेच जन्मलेली पोरे-नातवंडे मोती घालून बसली होती, डोळे पुसत होती. नऊच्या नऊ वेळा सगळे नमस्काराला आले. एकही माणूस फणकारला नाही.

“दाजी, इतकी गुणी माणसं असतात का हो कुठे?”

“मला काय विचारता? मी मोती घालत नाही. पेटीचा सूर त्यातून शिळा लागतो. मला ह्या मुलखात फक्त तोंडं हलताना दिसली.”

तेवढ्यात लांबून कुणीतरी हात हलवत आले. केतकी दाभोळे. पूल बांधणारी इंजिनियर, चाळिशीला टेकलेली, शेवटच्या कीर्तनाला पहिल्या रांगेत बसलेली. ती हाल्मवीकमध्येच जन्मली होती. आई गेल्यावर वडील वसंतराव देवरुखला आपल्या बहिणीकडे जाऊन राहिले होते, एवढे तिने त्या दिवशी सांगितले होते. आता तिच्या हातात लोकरीची शाल होती. तिने ती इंदूबुवांच्या खांद्यावर घातली आणि वाकून नमस्कार केला.

“बुवा, तुम्हाला भेटल्याशिवाय राहवेना. तुमच्या कीर्तनाने माझ्या मनावरचा दगड उतरला.”

“कसला ग दगड?”

“बाबांना अर्धांगाचा झटका आला, दोन महिने झाले. नंतर शिकलेली भाषा आधी गेली. आमची भाषा ते पार विसरले. आता फक्त मराठी बोलतात, मला ती येत नाही. मोती आहे म्हणून रोज फोनवर बोलणं होतं. ते म्हणतात, सावकाश ये, तुझी कामं आधी. तरी मी आजचं तिकीट काढलं होतं. पण तुमचं कीर्तन ऐकलं आणि रद्द केलं. तुम्हीच म्हणालात ना, आहोत तिथे आनंदात राहणं हीच आईबापांची सेवा.”

इंदूबुवांच्या खांद्यावरची शाल निसटली.

“मी? मी असं म्हणाले?”

“हो! तुम्हाला बोलावणाऱ्या मंडळाने आमच्या भाषेतलं ध्वनिमुद्रण पाठवलंय. रोज ऐकते मी.” केतकीने फोन पुढे धरला. फोनमधून परकी भाषा निघाली, मोत्याने ती उचलली, आणि इंदूबुवांच्या कानात इंदूबुवाच बोलू लागल्या.

“...तांडेल घरी गेला नाही. पण त्याने पाठवलेल्या भेटींनी बापाचं घर भरून गेलं आणि बाप सुखी झाला. म्हणून श्रोतेहो, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही आहात तिथे छान आहात...”

आवाज त्यांचाच. दम घेण्याची जागा त्यांची, शेवटचा हेलही त्यांचाच. शब्द मात्र कुणा परक्याचे. आख्यान त्यांनी स्वतः रचले होते: दर्यापार गेलेला तांडेल दरसाल गलबतावरून गाठोडी पाठवतो, आणि आंधळा बाप एकही गाठोडे न सोडता नुसते बाहेरून चाचपतो, ह्यात माझ्या पोराचा हात कुठे आहे म्हणून. त्या जागी इंदूबुवा चिपळ्या थांबवत आणि श्रोत्यांकडे बोट करून गरजत, “काय पाठवता रे? कुणाला फसवता? उठा! बाप जिवंत आहे तोवर उठा!”

“हे... हे कुणी केलं?” त्यांनी विचारले.

“काय? सौजन्य म्हणता का?” केतकी सहज म्हणाली. “ते सगळ्या मोत्यांत चालूच असतं ना. ऐकणाऱ्याचं मन दुखावेल ते मोती मऊ करून देतो. आम्हाला आता आठवतही नाही.”

आठवले ते दाजींना. मोती नसल्याने केतकीचे बोलणे त्यांना कळले नव्हते, पण इंदूबुवा ‘सौजन्य?’ असे पुटपुटताच ते उठून उभे राहिले. “बुवा, मंडळाच्या कागदावर दोन चौकोन होते. एक अनुवाद, एक सौजन्य. तुम्हीच दोन्हींवर खूण केलीत. मला म्हणालात, सौजन्याला कोण नाही म्हणेल?”

 इंदूबुवांनी केतकीचे मनगट धरले. “पोरी, चुकलं तुझं. मी असं काही म्हणाले नव्हते. तिकीट रद्द केलंस ते साफ चुकलं!”

केतकीचा चेहरा उजळला. “मला वाटलंच होतं, तुम्हाला पटेल.”

“अगं, पटलं नाही! रागावलेय मी तुझ्यावर!”

“माझंही तुमच्यावर फार प्रेम आहे, बुवा.”

आता मात्र इंदूबुवा घाबरल्या. चाळीस वर्षे शब्दांवर जगलेली बाई. समोर हातभर अंतरावर माणूस उभे आहे, आणि मधे अशी भिंत की जिच्यावर फेकलेला प्रत्येक दगड पलीकडे फूल होऊन पडतो! ह्या पोरीचा बाप देवरुखला खाटेवर पडलाय. तोही रोज दगड मारत असेल का?

त्यांनी कानात बोट घातले आणि मोती उपटून काढला.

भसकन जग आत आले. बॅगांच्या चाकांचा खडखडाट, खोकले, कुणाचा तरी चिरका वाद, आणि कुठेतरी एक तान्हे मूल घसा फोडून रडत होते. सव्वीस दिवसांत आपण एकही मूल रडताना ऐकले नाही, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आले. देवाने दिलेला डावा कान अजून बरा होता. त्यांनी मोती तळहातावर ठेवून केतकीला दाखवला, मग तिच्या कानाकडे बोट केले.

केतकी गोंधळली, पण तिने काढला. मोत्याशिवाय तिचा आवाज जरा जाडसर होता, आणि शब्द सारे अनोळखी. 

“बाबा,” इंदूबुवा म्हणाल्या, आणि फोनकडे बोट केले. “बाबा. बाबा.”

हा शब्द तिला समजत होता. तिने फोनमधला दुभाषी बंद केला आणि नंबर लावला. तिकडे संध्याकाळ झाली असावी. मागे कुणीतरी भांडी लावत होते. मग एक थकलेला, अडखळता पुरुषी आवाज आला.

“केतू? केतू ना? कुठवर आलीस?”

केतकीला काही कळले नव्हते.

“बोल की. ये ग. ये. किती दिवस सांगतोय, ये. मी काय दगडाशी बोलतोय? तुला ऐकू येत नाही का माझं? ये...” आणि पुढे शब्द नव्हतेच. म्हातारा माणूस रडतो तसे, श्वासाला ठेचा लागत, ते रडणे होते.

‘बाबा’खेरीज त्या भाषेतला आणखी एकच शब्द केतकीकडे होता. तळ्याच्या थंड पाण्यात कमरेइतके उभे राहून, दोन्ही हात पसरून, बाबांनी लहानपणी तिला शंभरदा हाक मारली होती: ये. ये.  रोज फोन होत होता. रोज हेच रडणे होत असणार. आणि मोत्याने तिला रोज सांगितले होते की बाबा खुशीत आहेत, सावकाश ये म्हणतात.

“बाबा,” ती फोनला दोन्ही हातांनी धरून म्हणाली, “बाबा, केतू ये. केतू ये!”

दाजींनी तोंड फिरवून नाक शिंकरले.

तो मघाचाच अधिकारी लगबगीने आला. कानाला हात लावून त्याने खूण केली: मोती घाला. दालनात बसायचे तर सोबतच्यांपैकी एकाच्या तरी कानात मोती हवाच, असा नियम होता. संकटाची सूचना कळणार कशी? कारण वाजवी होते. पण इंदूबुवांच्या अंगात आता नारद संचारला होता.

“नाही घालणार!” त्या म्हणाल्या.

त्याने हसून मान डोलावली आणि तो निघून गेला. चार पावलांवर थबकला, वळून पाहिले, परत आला. पुन्हा खूण.

“नाही म्हणते ना रे मेल्या!”

तो पुन्हा समाधानाने हसला. दाजींना त्याही स्थितीत हसू फुटले. “बुवा, त्याच्या कानात तुम्ही ‘आत्ता घालते हं बाळा’ म्हणताय. जन्मभर असंच चालेल हे.”

“मग दाजी, पेटी काढा.”

“इथे?”

“नववं कीर्तन झालं नाही. नऊच्या नऊ झाली नाहीत, पण हे एक तरी पुरं करून जाऊ. उपरणं द्या.”

इंदूबुवांनी त्या चकचकीत फरशीवर उपरणे पसरले, त्याला हात लावून तो कपाळी नेला आणि त्या उभ्या राहिल्या. तीच गादी झाली. नऊवारीचा पदर खोचला. दाजींनी जमिनीवर मांडी घालून पेटी उघडली आणि काळी चारचा सूर धरला. त्या मुक्या दालनात तो सूर असा पसरला की पलीकडच्या रांगेतली माणसे वळून पाहू लागली.

“उंबऱ्यास ठावे । पाउलांचे माप ।
वाट पाहे बाप । दारामाजी ॥”

चिपळ्या कडाडल्या. इंदूबुवांनी आख्यान नेमके जिथे मोडले गेले होते तिथून उचलले. आंधळा बाप त्यांनी डोळे मिटून उभा केला. हात पुढे केले, हवेतली गाठोडी चाचपली, एक बाजूला ठेवले, दुसरे बाजूला ठेवले. शब्द मोत्यांतून मऊ होऊनच पोचत होते. पण रिकामे हात सगळ्यांना दिसत होते. आधी एका बाईने कानातून मोती काढला, तो असा हातात धरला की जणू गरम आहे. मग तिच्या नवऱ्याने. मग तिघाचौघांनी.

“काय पाठवता रे?” इंदूबुवा गरजल्या, आणि त्यांचे बोट साऱ्या रांगेवरून फिरले. “कुणाला फसवता? गोड ऐकायची सवय लावून घेतलीत! रडणं नको, शिवी नको, हाक नको! ज्याला कुणाचं रडणं ऐकवत नाही, त्याला हसणं तरी खरं कुठून ऐकू येणार? काढा ते कानातून! देवापुढेसुद्धा माणूस आक्रोशच करतो, आणि देव तो तसाच्या तसा ऐकतो. तुम्ही कोण मोठे लागून गेलात?”

मोती न काढलेला एक सुटातला गृहस्थ प्रसन्नपणे टाळ्या वाजवत होता. पण मोती काढलेल्यांत एक उंच, रुपेरी केसांची बाई ताडकन उठली. इंदूबुवांकडे बोट रोखून ती तावातावाने काहीतरी बोलली, बॅग ओढली आणि तरातरा चालती झाली. मागे वळूनही पाहिले नाही.

इंदूबुवांचे डोळे भरून आले. “दाजी,” चिपळ्यांच्या तालातच त्या म्हणाल्या, “झोंबलं!”

आरती होईपर्यंत त्या गादीवरून हलल्या नाहीत. अधिकारी समोर येऊन उभा राहिला होता. मधेच केव्हातरी त्यानेही मोती काढला होता. आता तो बोलू लागला, आणि त्याच्या बोलण्यात खराखुरा राग होता. मान लाल झाली होती. त्याने एक कागद भरून इंदूबुवांच्या हातात दिला, बहुधा तक्रारीचा. त्यांनी तो आदराने कपाळाला लावला आणि पदराच्या गाठीतली खडीसाखर त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली. मग तोंडात टाकली, आणि पुन्हा रागावू लागला.

विमान अर्थातच गेले. मोत्यात हाक देऊन देऊन गेले असेल; ऐकायला मोती होता कुठे?

केतकी तिकिटांच्या खिडकीवरून परत आली तेव्हा तिच्या हातात तीन कागद होते. तिने तीन बोटे दाखवली, मग खिडकीबाहेरच्या आभाळाकडे हात केला, मग एक बोट: तिघांना, उद्या. आणि ती इंदूबुवांच्या शेजारी बसून एकच शब्द पुन्हा पुन्हा पुटपुटू लागली. इंदूबुवा तिला दुसरा शिकवत होत्या, “आ-ले. आ-ले.” दारात उभे राहिल्यावर तोच लागणार होता.

त्या उत्तरेकडच्या मुलखात जूनचे ऊन संध्याकाळीही मावळायचे नाव घेत नव्हते. दाजींनी पेटीची खोळ बांधली.

“मोती परत घालणार का बुवा?”

“छे. एका कानाने ऐकू येईल तेवढं पुरे. गेल्या गेल्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवते. आणि गावात ज्याच्या ज्याच्या कानात दिसेल...” त्या बोलता बोलता थांबल्या. “दाजी, आपल्याकडच्या मोत्यातसुद्धा हे सौजन्य असेल?”

दाजींनी खोळीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

“दाजी, तुम्ही कान उघडे ठेवून आमच्या अंगणात बसता. गोदावहिनी माझ्याशी गोड बोलते ना?”

“गोड?” दाजी म्हणाले. “बुवा, दिवाळीपासून तर तिने ताळच सोडलाय. काय काय बोलते तुम्हाला! आणि तुम्ही आपल्या हसत बसता. सगळं गाव म्हणतं, इंदूबुवा साधुत्वाला पोचल्या. मलाही तसंच वाटलं. म्हणून कधी बोललो नाही.”

इंदूबुवा हसल्या. आधी हलकेच, मग पोट धरून. “अरे देवा! फुकट साधू झाले मी! बरं झालं. परवा दारात उभी राहीन आणि म्हणेन, वहिनी, घाल शिव्या, आता ऐकते.”

दाजी हसले नाहीत.

“निघायच्या दिवशी मात्र ती शिव्या देत नव्हती,” ते म्हणाले. “तुमचा हात धरून रडत होती. मी फाटकाशी होतो, पुरतं ऐकू आलं नाही. ‘जाऊ नका’ एवढं कळलं, आणि कसल्याशा दुखण्याचं काही. तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, देव तुझं भलं करो, आणि गाडीत बसलात.”

शेजारी केतकी अजून घोकत होती, “आले. आले.”

इंदूबुवांनी मुठीतला मोती उघडून पाहिला. हरभऱ्याएवढा, पांढरा, गुळगुळीत. सव्वीस दिवस झाले होते त्या दिवसाला. काय सांगत होती गोदा?